घरपट्टीचं बिल आणि रोजगार हमीची ओळ

ए-१०३: घरपट्टीची बिलं वॉचमनकडं आलीत. ज्यानं त्यानं आपापलं घेऊन जावं.

बी-३०२: घेतलं अण्णा, पण भरावंसं वाटंना. उजनी धरण भरलंय तरी पाणी येतंय पाच दिवसांआड, तेही रात्री दोनला. सगळ्यांनी मिळून बिल भरणं थांबवू या. १९३० ला मिठाच्या करावरनं देश उठला, तेव्हा आपल्याच सोलापुरावर मार्शल लॉ लागला होता. आपण एवढंही करू नये?

सी-२०१: दादा, त्या लढ्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या गावातला माणूस असंच विचारणार. पण मिठाचा कर बसवताना आपल्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं. आता घटनेचं कलम २६५ आहे, कायद्याशिवाय एक पैसाही कर लावता येत नाही. भांडायचं तर त्या जोरावर भांडू. बिल थकवलं तर दरमहा २ टक्के शास्ती आपल्यालाच बसते.
आणि दोन गोष्टींत गल्लत नको. पाणीपट्टी पाण्यासाठीच घेतात, पाणी कमी आलं तर जाब विचारायचा आपला हक्क आहे. दस्ताच्या वेळी नोंदणी फी भरली आणि दस्त नोंदवून मिळाला, तशीच ती. करात असा थेट मोबदला नसतो. घराला आग लागली नाही म्हणून अग्निशमन कर परत मागता येत नाही. गाडी कायम तयार असावी म्हणूनच तो भरायचा.

दुकान क्र. ४: काका, माझ्या बिलात रोजगार हमीची ओळ आहे, फ्लॅटवाल्यांच्या नाही. असं का? माझ्याकडं आधीच दोन पोरं कामाला आहेत.

सी-२०१: ती फक्त बिगरनिवासी मिळकतीला लागते. महापालिका गोळा करून राज्याला देते. बहात्तरच्या दुष्काळात आमचे वडील खडी फोडायला जायचे, दुपारी सुकडी मिळायची. ती आम्हा पोरांसाठी धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे. पुढं राज्यानं खेड्यातल्या माणसाला कामाची हमी द्यायची ठरवली. पैसा कुठनं आणायचा? शहरातनं. तुझ्या बिलातली ओळ त्यातलीच. १९७५ चा व्यवसाय करही त्यासाठीच आला. पगारातनं दरमहा २०० कापतात ना, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००, तोच. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं घालायची, असं ठरलं होतं. हमीचा कायदा १९७९ पासून लागू झाला, आणि २००५ ला त्याच धर्तीवर देशासाठी कायदा झाला. नव्या पेठेतल्या दुकानदारानं पैसे द्यायचे आणि सांगोल्याच्या बांधावरच्या माणसाची चूल पेटायची. मला याचा फार अभिमान वाटतो, म्हणून लांबलचक लिहिलं.

ए-१०४: माझं माहेर करमाळ्याकडचं. आई आणि दोन्ही काकू पाझर तलावाच्या कामावर होत्या. धाकटा भाऊ झाडाला बांधलेल्या झोळीत असायचा. हा पैसा कुठनं यायचा, हे आज कळलं.

दुकान क्र. ४: भरतो काका. त्या ओळीबद्दल परत विचारणार नाही.

बी-३०२: अहो, पण पाण्याचं काय?

सी-२०१: ते सोडायचंच नाही! बिल मुदतीत भरू आणि माहिती अधिकारात अर्ज टाकू. पाणीपट्टी किती जमली, पाणीपुरवठ्यावर किती खर्च झाला, आपल्या भागाला किती तास पाणी सोडलं, तिन्ही विचारू. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

बी-३०२: माझ्या नावानं टाकतो. आज रात्री लिहून इथंच पाठवतो, काका तेवढं बघून द्या.

ए-१०३: मागच्या तीन वर्षांचं मागव रे, एका वर्षावरनं काय कळणार नाही.