१८६२च्या रुपयावरची टिंबं

एकांनी लिहिलंय की १८६२चा रुपया ग्रेडिंगला (अस्सलपणा आणि दर्जा तपासायला) पाठवला, स्लॅबवर, म्हणजे नाणं बंद करून येतं त्या प्लॅस्टिकच्या डबीवर, नुसतं साल आलं, नाण्यावरच्या टिंबांचा उल्लेखच नाही. अहो, मागितल्याशिवाय ते मिळत नाही! पीसीजीएस काय, एनजीसी काय (या अमेरिकन ग्रेडिंग कंपन्या), व्हरायटी, म्हणजे त्याच नाण्याचा बारीक फरकाचा प्रकार, तपासायची तर अर्जात तसं लिहायचं आणि जादा पैसे भरायचे. माझाही एक रुपया असाच कोरडा परत आला होता. चूक माझीच, तो रकाना रिकामा सोडला होता.

दुसरी मेख म्हणजे कॅटलॉग. ती व्हरायटी मान्य संदर्भग्रंथात असावी लागते. अमेरिकन मॉर्गन डॉलरला 'व्हॅम' क्रमांक (व्हरायटीवार कॅटलॉग क्रमांक) आहेत, त्यामुळे त्यांचं काम सोपं. आपल्याकडे १८६२ हेच साल १८७४ पर्यंत छापत राहिले, मुंबईच्या रुपयांवर टिंबांची संख्या बदलत गेली, आणि हे अभ्यासकांना ठाऊक असलं तरी ग्रेडिंग कंपनीत टेबलावर बसलेल्याला ठाऊक असेलच असं नाही. म्हणून कॅटलॉगच्या पानाची प्रत आणि क्रमांक सोबत जोडाच.

पाठवण्याआधी दहापट भिंगाखाली, तिरप्या उजेडात टिंब बघा. डायमधलं (नाणं छापायच्या साच्यातलं) टिंब गोल, उठावदार असतं, कडेला धातू सरकलेला नसतो. नाण्याला नंतर ठोका बसलेला असेल तर शेजारी खळगा दिसतो. झिजलेल्या नाण्यावर मात्र एखादं टिंब पुसलं गेलेलं असू शकतं, तिथे आकडा ठामपणे सांगू नका. त्याच डायचं दुसरं नाणं मिळालं तर दोघांचे फोटो शेजारी लावून पाठवा. आणि नाणं घासू नका हो, चिंच लावून तर नकोच.