भावाच्या पगारात 'सॅलरी सॅक्रिफाइस' लावलं, पगार कापला का वाढला?

घाटंजीवाला
नमस्कार मंडळी, कोणाले माहीत असन तर जरा नीट समजावून सांगा. माझा लहान भाऊ मागच्या वर्षीपासून इंग्लंडात नोकरीले आहे, पगार वर्षाचा ३०,००० पौंड. कंपनीनं त्याले पत्र दिलं की एप्रिलपासून पेन्शनसाठी सॅलरी सॅक्रिफाइस लागू, करारातला पगार आता २८,५००, सही करा. त्यानं करून टाकली अन् पत्राचा फोटो मले व्हॉट्सॲपवर पाठवला. मी बाबाले वाचून दाखवलं तर बाबा जेवता जेवता ताटावरून उठले, म्हणे पोराचा पगार कापून राहिले अन् तुम्ही सह्या करून राहिले. शिक्षणकर्जाचा हप्ता त्याच्याच पैशातून जाते, कापसाच्या भरवशावर तो भरणं होत नाही हे कास्तकाराच्या घरचे लोक समजून घेतीन. सॅक्रिफाइस म्हणजे त्यागच ना? मंग हा त्याग काहून करायचा, अन् कंपनीले यात काय भेटते?

परत_आलो_नागपूरले
भाऊ, बाबांना आधी शांत करा, मी तिकडे सहा वर्षं होतो, माझ्या पगारालाही हेच लागू होतं. नाव वाईट आहे पण पैसे कुठे जात नाहीत. होतं असं की तुमचा भाऊ करारातला पगार लेखी कमी करून घेतो आणि तेवढेच पैसे कंपनी स्वतःचा हिस्सा म्हणून त्याच्या पेन्शन खात्यात भरते. पैसा तोच, फक्त तो आता 'पगार' राहत नाही, म्हणून त्यावर पगाराचे कर लागत नाहीत. तिकडे आयकराशिवाय नॅशनल इन्शुरन्स नावाची वेगळी कपात असते, त्याच्या पगाराच्या टप्प्यात ८ टक्के. साधी पेन्शन कपात असली तर २० टक्के आयकर वाचतो पण ही ८ टक्के वाचत नाही, सॅक्रिफाइसमध्ये दोन्ही वाचतात. १,५०० पौंडावर ८ टक्के म्हणजे वर्षाला १२० पौंड.
कंपनीचं म्हणाल तर तिला पण पगारावर नॅशनल इन्शुरन्स भरावा लागतो, एप्रिल २०२५ पासून तो १५ टक्के आहे, म्हणजे तुमच्या भावामागे तिचे वर्षाचे २२५ पौंड वाचले. काही कंपन्या यातला थोडा भाग कामगाराच्या पेन्शनमध्ये टाकतात, काही सगळा स्वतः ठेवतात, हे त्यानं विचारायलाच पाहिजे.
आता मुद्द्याचं सांगा, तो आधीपासून पेन्शन भरत होता का? भरत असेल तर हातात येणारा पगार वाढला पाहिजे. नव्यानं सुरू झालं असेल तर कमी होईल. मार्चची आणि एप्रिलची स्लिप शेजारी शेजारी ठेवून बघा.

बुटीबोरी_शिफ्ट
वरच्या भाऊनं बरोबर सांगतलं, पण तुमच्या बाबाची भीती मले समजते कारण माझ्यासोबत खरंच झालं होतं. आधीच्या एका ठेकेदाराकडं होतो, बेसिक १५,०००. स्लिपवर पीएफ कपात ३,६००. आम्ही समजत होतो बरोबर असन. मंग एका पोरानं हिशोब करून दाखवला की १२ टक्के म्हणजे १,८००, दुसरे १,८०० कंपनीचा हिस्सा आहे अन् तोही आमच्याच पगारातून काढून राहिले. ठरलेल्या मजुरीतून मालकाचा हिस्सा कापता येत नाही, पीएफच्या कायद्यात स्पष्ट आहे. यूएएन म्हणजे पीएफचा नंबर टाकून पासबुक उघडलं तर माझे १,८००, अन् कंपनीच्या हिश्श्याचे पीएफमधी ५५० अन् पेन्शनमधी १,२५० असे रांगेनं दिसले, जमा पूर्ण होते पण खिसा माझा एकट्याचा. सहा जणांनी मिळून अर्ज केला तेव्हा कुठं ते थांबलं.
म्हणून मी म्हणतो, पगार कमी झाला का हे पाहूच नका, कमी झालेला पैसा कोणत्या खात्यात गेला ते पाहा. तुमच्या भावाले पेन्शनच्या खात्याचं लॉगिन भेटलं का?

घाटंजीवाला
लॉगिन आहे. दोन्ही स्लिपा मागवल्या, काल रात्री लाइट गेली होती तरी मोबाइलच्या उजेडात घेऊन बसलो. मार्चमध्ये पगार २,५०० अन् खाली पेन्शन कपात १२५. एप्रिलमध्ये पगारच २,३७५ अन् पेन्शन कपातीची ओळच गायब. कंपनीची पेन्शन आधी ७५ होती, आता २०० लिहिली आहे. हातात बरोबर १० पौंड जास्त आले! म्हणजे तो आधीपासून भरतच होता, आम्हाले माहीत नव्हतं.

पेरोलवाली_ताई
दादा मग तर चांगलंच झालं, हिशोब तंतोतंत जुळला, १२५ चे ८ टक्के म्हणजे १०. पण मी पगारपत्रकाचंच काम करते म्हणून जे कोणी सांगत नाही ते सांगते. हा पैसा अडकतो. आता ५५ व्या वर्षी काढता येतो, एप्रिल २०२८ पासून ५७. भाऊ पाच वर्षांनी गावी परत आला तरी शेत घ्यायला हा पैसा कामी येणार नाही. पेन्शन योजनेत नाव लागल्यावर पहिल्या महिन्यात बाहेर पडलं तरच भरलेले पैसे परत मिळतात, नंतर फक्त पुढचं थांबवता येतं. दुसरं म्हणजे घरकर्ज मागताना बँकेला २८,५०० दिसू शकतात, पगारवाढ पण कोणत्या आकड्यावर धरणार ते लेखी घ्यायचं. पोरींनी तर बाळंतपणाच्या रजेचा पगार आधी तपासावा, तो कमी झालेल्या पगारावर निघतो. आणि सॅक्रिफाइसमुळे पगार तिकडच्या किमान वेतनाखाली नेता येत नाही, मालकाला तशी मुभाच नाही.
एप्रिल २०२९ पासून नॅशनल इन्शुरन्सची ही सूट वर्षाला पहिल्या २,००० पौंडांपुरतीच राहणार आहे, त्याचे १,५०० त्यात बसतात.
आपल्याकडे याच्या जवळचं म्हणजे कंपनीमार्फत एनपीएस म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, नव्या करपद्धतीत बेसिक आणि डीएच्या १४ टक्क्यांपर्यंत सूट आहे. पण १२.७५ लाखांपर्यंत पगाराला तसाही कर लागत नाही, त्यामुळे २५-३० हजार पगाराच्या माणसाला कर वाचेल म्हणून कोणी सही मागितली तर करू नका. कर नाहीच तर वाचणार काय?

घाटंजीवाला
ताई, ५७ चं ऐकून बाबा बराच वेळ काही बोलले नाही, पोरगा आता २६ चा आहे. पण १० पौंड वाढून आले हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं अन् मंग भावाले स्वतः फोन लावला. कर्ज फिटेपर्यंत पेन्शनमध्ये पगाराच्या ५ टक्क्याच्या, म्हणजे आताच्या १,५०० च्या, वर जायचं नाही असं ठरलं. पगारवाढीचा आकडा अन् कंपनीचे वाचलेले ते २२५ पौंड, या दोन गोष्टींसाठी तो एचआरले मेल टाकणार आहे. मजकूर कसा लिहायचा ते सांगता का?