त्रैक्य शिकवताना पाणी-बर्फ-वाफेचा दाखला चालेल का?

रविवारवर्ग
त्रैक्य रविवारी नववी-दहावीच्या मुलांना 'देव एक, तरी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा' हा पाठ द्यायचा आहे. वेळ पाऊण तास. जुन्या टिपणांत पाणी, बर्फ, वाफ हा दाखला आहे. तो घ्यावा का? आणि मुलांनी त्रिमूर्तीशी तुलना केली तर काय सांगावं?

फळा-खडू
पाण्याचा दाखला कृपया नको. तेच पाणी आधी बर्फ, मग वाफ होतं, म्हणजे एकच देव पाळीपाळीने तीन रूपं घेतो असं मुलांच्या मनात बसतं. तिसऱ्या शतकात साबेलियसची हीच शिकवण ख्रिस्ती मंडळीने नाकारली. ती मानली तर गेथशेमाने बागेत पित्याला प्रार्थना करताना येशू स्वतःलाच विनवत होता असं होईल. कवच, पांढरं, बलक असा अंड्याचा दाखलाही नको. नुसत्या बलकाला कोणी अंडं म्हणत नाही. पुत्र मात्र देवाचा तिसरा हिस्सा नाही, पूर्ण देव आहे.

सुरुवात अनुवाद ६:४ ने करा. मग लूक ३:२१-२२ वाचा: पुत्राचा बाप्तिस्मा, कबुतरासारखा उतरणारा आत्मा आणि पित्याची वाणी, सगळं एकाच वेळी. नंतर मत्तय २८:१९. तिथे तिघांचा उल्लेख आहे, पण 'नाव' मूळ ग्रीकमध्येही एकवचनी.

आता फळ्यावर सात वाक्यं लिहा. पिता देव आहे. पुत्र देव आहे. आत्मा देव आहे. पिता पुत्र नाही. पुत्र आत्मा नाही. आत्मा पिता नाही. देव एकच. मुलांना एकेक वाक्य खोडायला लावा. शेवटचं खोडलं की तीन देव उरतात, दुसरं खोडलं की आरियस (पुत्र पूर्ण देव नाही म्हणणारा), चौथं खोडलं की साबेलियस. यालाच वीस मिनिटं द्या; पाठाचा गाभा हाच आहे.

एकसत्त्व
त्रिमूर्तीविषयी बोलताना कुणाच्या श्रद्धेला कमी लेखू नका, फक्त फरक दाखवा. तिथे निर्मिती, पालन, संहार अशी कामं वाटलेली आहेत. इथे निर्मितीसुद्धा तिघांची: उत्पत्ती १:२ मध्ये जलावर आत्मा आहे आणि योहान १:३ प्रमाणे सर्व काही शब्दाच्या, म्हणजे पुत्राच्या, द्वारे झालं.

'व्यक्ती' हा शब्द जपून वापरा. मराठीत 'तीन व्यक्ती' म्हटलं की तीन माणसं डोळ्यांसमोर येतात. तीन माणसांच्या इच्छा तीन. देवाचं सत्त्व एक, इच्छा एक. फरक नात्याचा आहे: पिता कोणापासून नाही, पुत्र पित्यापासून जन्मलेला, आत्मा पित्यापासून निघणारा (पाश्चात्य मंडळ्या 'आणि पुत्रापासून' असंही म्हणतात).

प्रकाशापासून_प्रकाश
सगळेच दाखले टाकायला नकोत. ३२५ च्या निकेया परिषदेच्या मतांगीकारातच (श्रद्धेच्या जाहीर कबुलीतच) 'प्रकाशापासून प्रकाश' आहे. सूर्य कधी प्रकाशाविना नव्हता, तसा पिता कधी पुत्राविना नव्हता; आरियसला उत्तर एवढंच. पण प्रकाश बोलत नाही, प्रेम करत नाही, हेही लगेच सांगा. आत्म्याबद्दल ३२५ च्या पाठात जेमतेम उल्लेख आहे. 'प्रभू व जीवनदाता' हे शब्द ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेचे मानतात, म्हणून तोच पाठ वाचायला द्या.

रविवारवर्ग
सात वाक्यं घेतो. 'त्रैक्य' शब्द बायबलमध्ये नाही, असं कोणी म्हटलं तर?

फळा-खडू
नाहीच, सरळ कबूल करा. लॅटिन 'त्रिनितास' कार्थेजच्या तेर्तुल्यान या ख्रिस्ती लेखकाने रूढ केला. त्या सात वाक्यांना मिळून दिलेलं ते नाव आहे. मग योहान १४:१६ उघडा: पुत्र विनंती करतो, पिता देतो, 'दुसरा कैवारी', म्हणजे आत्मा, येतो. कोण कोणाला काय देतो, ते मुलांनाच शोधू द्या.