कॉन्ट्रा नाचातली 'जिप्सी': नाव बदलायचं की राहू द्यायचं?

शिळोप्याची
आमच्या गावात (मॅसॅच्युसेट्स) शनिवारी रात्री जुन्या लाकडी हॉलमध्ये कॉन्ट्रा डान्स असतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: समोरासमोर दोन लांब रांगा, मंचावर फिडल (व्हायोलिन) आणि माइकवर कॉलर. पुढची चाल कोणती, हे कॉलर आयत्या वेळी पुकारतो. एका चालीत दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत, हात न लावता, उजव्या खांद्याच्या बाजूनं एकमेकांभोवती फेरी मारतात. आठ मात्रा. मग बहुतेकदा तिथूनच स्विंग, म्हणजे धरून गरागरा. फुगडीच्या आधीची नजरानजर समजा.

या चालीला वर्षानुवर्षं 'जिप्सी' म्हणत आले. हल्ली बऱ्याच ठिकाणी ते टाकून 'राइट शोल्डर राउंड' म्हणतात, कारण युरोपातल्या ज्या रोमा समाजाला बाहेरचे जिप्सी म्हणत आले, त्यातल्या अनेकांना तो शब्द शिवीसारखा लागतो. आमच्याकडे निम्मे असे, निम्मे तसे. पुढच्या महिन्यात मी पहिल्यांदा कॉल करणार आहे, आणि नाचांच्या चाली उतरवून घेतलेल्या माझ्या सगळ्या कार्डांवर जुनंच नाव आहे. माझा कल बदलण्याकडे आहे. बोला.

खडूसकाका
बदलू नका. हे नाव रोमांवरून पडलं, हे आधी सिद्ध करा. इंग्लंडच्या मॉरिस नाचात 'हाफ-गिप' आणि 'होल-गिप' अशा चाली आहेत, लोकनृत्यं गोळा करणाऱ्या सेसिल शार्पनं शंभरेक वर्षांपूर्वी त्या लिहून ठेवल्यात. माझ्या मते त्या गिपचीच ही जिप्सी.
दुसरं, ब्रिटनच्या २०२१ च्या जनगणनेत 'जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर' असा रकानाच होता. इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ७१ हजार लोकांनी त्यावर खूण केली. जे स्वतःला जिप्सी म्हणवतात त्यांना जाऊन सांगणार का, की बाबांनो, तुमचं नाव वाईट?

माळावरचा
काका, त्याच जनगणनेत 'रोमा' हा वेगळा रकानाही होता, त्यावर लाखभर खुणा आहेत. तेवढी ओळ सोडून वाचलीत.
शब्द मुळात चुकीचाच. हे लोक इजिप्तहून आले असं इंग्रजांना वाटलं, म्हणून 'इजिप्शियन', त्याचं जिप्सी. १५३० मध्ये आठव्या हेन्रीच्या कायद्यानं त्यांना सोळा दिवसांत देश सोडायला सांगितलं, तोही 'इजिप्शियन' म्हणूनच. त्यांची भाषा मात्र कुठून आली ते लपत नाही: पाण्याला पानी, नाकाला नाख, डोळ्याला याख. १९७१ मध्ये लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली, तिथं त्यांनी स्वतःसाठी 'रोमा' हे नाव घेतलं. झेंड्यावर चाक आहे, आपल्या अशोकचक्राची आठवण करून देणारं.

खडूसकाका
आलं! भारताशी नातं निघालं की आपल्याही भावना लगेच दुखावतात. चाकाचा आणि नाचाचा संबंध काय?

श्टुटगार्टकर
इथं जर्मनीत हा वाद सॉसवरून झाला. 'त्सिगॉयनर' म्हणजे जर्मनमधलं 'जिप्सी'. 'त्सिगॉयनर-सॉस' प्रत्येक दुकानात असायचा, क्नोर कंपनीनं २०२० मध्ये नाव बदललं. नाझींच्या ऑशविट्झ छावणीत सिंती-रोमांना (सिंती म्हणजे इथले जुने रोमा) ज्या भागात कोंडलं होतं त्याचं नावही 'त्सिगॉयनर' छावणी. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तिथं उरलेल्या चार हजारांहून जास्त माणसांना मारलं. त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. त्यामुळे जर्मन शब्दाबाबत माझ्या मनात शंका नाही.
पण प्रामाणिकपणे हेही सांगते: सिंती-रोमांच्या केंद्रीय मंडळानं तेव्हा म्हटलं होतं की सॉसचं नाव ही काही त्यांची सर्वात निकडीची गोष्ट नाही. फुटबॉलच्या मैदानात तोच शब्द शिवी म्हणून ओरडला जातो, त्याची त्यांना जास्त काळजी.

खडूसकाका
बघा. ज्यांचं त्यांना पडलेलं नाही.

माळावरचा
'निकडीचं नाही' आणि 'चालेल' यात फरक आहे, काका. नळाची गळतीही निकडीची नसते.

वेणीफणी
मी नाचत नाही, पण एक सांगते. केस विंचरले नाहीत की आमची आजी म्हणायची, "काय कैकाडणीसारखी फिरतेस!" चौथीत माझ्या बाकावर कैकाडी समाजाची मुलगी होती, मैत्रीणच. एकदा ती घरी जेवायला आली आणि आजीनं मला सवयीनं तेच ऐकवलं. तिनं हातातला घास ताटात परत ठेवला, बोलली काही नाही. आजीला आजतागायत कळलेलं नाही. आजीच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण तो घास विसरता येत नाही.

खडूसकाका
वाईट वाटलं वाचून. पण ती मुलगी समोर बसली होती. शिळोप्याताईंच्या हॉलमध्ये रोमा कोण आहे? एकानं तरी तक्रार केली का?

शिळोप्याची
काका, दारात कुणाची जात विचारत नाही आम्ही, त्यामुळे कोण आहे मला कसं कळणार?
आणि ते गिपचं खरं असेलही. पण मला ही चाल शिकवली तेव्हा शब्द होते, "डोळ्यांत जाळ आणा, मोहिनी घाला, जिप्सी आहात तुम्ही!" मी सोडून सगळे गोरे. दोन-तीन जणांनी हसत माझ्याकडे पाहिलं, जणू मला ते उपजतच येत असणार. कुणी गिपचा ग पण काढला नाही.

तबलजी
भावना बाजूला ठेवून हिशेब सांगतो. कॉलरला संगीताचा तुकडा संपायच्या आत चाल सांगून मोकळं व्हावं लागतं. 'जिप्सी' दोन मात्रांत बसतं. 'राइट-शोल्डर-राउंड' चार मात्रा खातं, म्हणजे तोंड आधी उघडायला हवं. पण नवख्या माणसाला 'जिप्सी' ऐकून काय करायचं ते कळत नाही. नव्या नावात कृतीच सांगितली आहे. मी नव्याच्या बाजूनं, कारण निव्वळ व्यावसायिक.

रानभूल
बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). पण रविवारी ताडोबाला निघालोय आणि सहा जणांत एक मारुती जिप्सी बुक आहे. तिला काय म्हणू?

माळावरचा
गाडी म्हणा. वाघाला फरक पडत नाही.

शिळोप्याची
तबलजी, काल स्वयंपाकघरात करून बघितलं. कुकरची शिट्टी धरून मोजलं (हसू नका), पाचव्या मात्रेला सुरुवात केली तर आठवीला बरोबर संपतं. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. कार्डांवरचं नाव खोडतेय आता. एकंदर बावीस कार्डं आहेत.

खडूसकाका
मत माझं तेच आहे. पेन्सिलीनं खोडा.