सिकलसेलच्या जनुक-उपचारात मूळ दोष तसाच का ठेवतात?

गडचिरोलीकर: माझ्या पुतण्याला सिकलसेल आहे. आजाराचे मूळ हिमोग्लोबिनचा भाग बनवणाऱ्या बीटा-ग्लोबिन जनुकातल्या एका अक्षराच्या बदलात आहे, हे ठाऊक आहे. मात्र २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेल्या कॅसजेव्ही उपचारात त्या जनुकाला हातच लावत नाहीत, असे वाचले. मग गुण कसा येतो?

रक्तपेशी: क्रिस्पर या जनुकांच्या ‘कात्री’ने जनुक कापणे सोपे, पण कापलेल्या जागी नेमके अक्षर बसवणे रक्ताच्या मूळ पेशींत अवघड जाते, म्हणून ही आडवाट. गर्भातले हिमोग्लोबिन वेगळे असते, त्यात बीटा-ग्लोबिन नसते, आणि जन्मानंतर बीसीएल११ए हे प्रथिन त्याच्या जनुकाला कुलूप लावते. बीसीएल११एच्या जनुकाला तांबड्या पेशींच्या वंशात चालना देणारा जो तुकडा आहे, तेवढाच तोडला की कुलूप सैल पडते, गर्भीय हिमोग्लोबिन पुन्हा तयार होते आणि पेशी विळ्यासारख्या वाकण्याचे प्रमाण घटते. अख्खे जनुक बाद केले असते तर रोगप्रतिकाराच्या बी-लसिकापेशींनाही फटका बसला असता. मला यातली हीच खुबी वाटते.

सूक्ष्मदर्शी: कॅसजेव्हीच्या चाचणीत ३१ पैकी २९ रुग्णांना सलग किमान वर्षभर वेदनेचा तीव्र झटका आला नाही. मात्र बदललेल्या पेशींना जागा करण्यासाठी आधी बुसल्फान हे केमोथेरपीचे औषध देऊन अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, त्यात वंध्यत्वाचा धोका असतो, आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे. पुतण्याचे हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचे औषध चालू असल्यास स्वतःहून बंद करू नका; तेही गर्भीय हिमोग्लोबिनच वाढवते.

गडचिरोलीकर: गोळी चालूच आहे. रिपोर्टातल्या ‘एचबीएफ’ (म्हणजे गर्भीय हिमोग्लोबिन) रकान्यावर डॉक्टर दर वेळी पेनाने गोल का करतात, ते आज कळले.