मदत हवी आहे : मिरजेचा तानपुरा घेताना भोपळा आणि जवारी कशी पारखायची?

नमस्कार मंडळी. काळी चार पट्टीत (पेटीच्या चौथ्या काळ्या स्वराला सा धरून) गाणाऱ्या मुलीला मिरजेहून चार तारांचा तानपुरा घ्यायचा आहे. लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन ती पैसे साठवते आहे. दिवाळीपर्यंत ३५ हजार होतील, पण खोळ आणि फायबरची केसही त्यातच बसवायची आहे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहेच, तो कृपया सुचवू नका.

सगळ्यात जास्त धास्ती भोपळ्याची. नीट न वाळलेला भोपळा पुढे आकसतो आणि गळ्याजवळचा सांधा सुटतो. टिचकीला आवाज सगळीकडे सारखा यावा, दांडी कडेने डोळ्याच्या रेषेत धरून वाक बघावा, एवढं ठाऊक आहे. पण ताज्या पॉलिशखाली बुजवलेली चीर ओळखायची कशी? आतून दिवा लावून तर बघता येत नाही!

दुसरं, जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून तारेला आणलेली गुंजती आस. दुकानात तानपुरा काळी एकला लावून ऐकवला, तर काळी चारला तार जास्त ताणली जाते आणि सुताची (तार आणि घोडीमध्ये सरकवलेल्या दोऱ्याची) जागा बदलते. मग घोडी मुलीच्याच पट्टीत, समोर बसून घासून घ्यावी ना? पंचमाची तार आणि जोड (मधल्या दोन षड्जाच्या तारा) पोलादी, खरज (खालच्या षड्जाची तार) पितळी. पण काळी चारसाठी जोडाला नेमक्या किती नंबरची तार लावता?

याच पैशांत जुना, मुरलेला तानपुरा मिळाला तर घ्यावा का? खुंट्या घसरत असतील तर नव्या बसवता येतील, पण तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) खचलेली असेल तर?

एसटीने आणताना तारा किती उतरवायच्या, तेही सांगा.