किनाऱ्यावरच्या शहरात चार रात्री: मुक्काम पुळणीवर, बंदराजवळ की स्टेशनपाशी?

पायवाट

पाच माणसं, चार रात्री. आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात. एका दमात जेमतेम अर्धा किलोमीटर चालवतं, मग बसावं लागतं. शहर समुद्रकाठचं, जुनं बंदर असलेलं. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा हॉटेलांच्या नावांवर जाईल. मला निवडायचं कसं ते हवंय.

पर्याय तीन. पहिला, पुळणीवरचं हॉटेल, जुन्या शहरापासून ९ किमी. जाहिरातीत 'समुद्र ५० मीटर'. दुसरा, जुन्या शहरात बंदराला लागून, तिसरा मजला. पोहण्याजोगा किनारा तिथून २ किमी. तिसरा, रेल्वे स्टेशनजवळ, दोन्हींच्या साधारण मध्ये, खोल्या प्रशस्त. भाडं तिन्हीकडे उन्नीस-बीस.

मुलाला रोज पाण्यात जायचंय, आई-बाबांना संध्याकाळी समुद्राकाठी बसायचंय, आम्हाला जुनं शहर नीट बघायचंय. कोणता घ्यावा?

खाजण

हॉटेलांची तुलना करण्याआधी दिवसाच्या फेऱ्या मोजा. जिथे रोज जायचं, तिथे चालत जाता आलं पाहिजे. जिथे एक-दोनदाच जायचं, तिथे गाडी करून गेलं तरी चालतं. तुमच्या यादीत पाणी रोज, काठावर बसणं रोज आणि जुनं शहर फार तर दोनदा. एवढ्यावर निकाल लावायचा तर पहिला पर्याय.

पण ते ९ किमी संध्याकाळचे मोजा. किनारी शहरात एका बाजूला पाणीच असल्यामुळे रस्ते निम्म्याच दिशांना फुटतात आणि सगळी वर्दळ किनाऱ्याला समांतर अशा एक-दोन रस्त्यांवर येते. दुपारी वीस मिनिटांचा रस्ता शनिवारी सूर्यास्ताला तासाचा होऊ शकतो. नकाशात 'आत्ता निघालो तर' बघू नका; निघायची वेळ शनिवार संध्याकाळ सात अशी टाका. बसचं वेळापत्रक बघताना शेवटची बस आणि रविवारची बस वेगळी तपासा. हंगाम संपला की किनाऱ्याकडच्या फेऱ्या बऱ्याच ठिकाणी कमी होतात आणि उन्हाळ्याचं जुनं वेळापत्रक मात्र संकेतस्थळावर तसंच लटकत असतं.

नांगर

खाजण यांच्याशी सहमत, पण त्या '५० मीटर'वर आधी बोलू.

जाहिरातीतलं अंतर बहुधा सरळ रेषेतलं असतं, तेही आवाराच्या समुद्राकडच्या कडेपासून. मध्ये चौपदरी रस्ता, रेल्वेमार्ग, खाडीचं तोंड किंवा कुणाची भिंत असली तरी आकडा तोच राहतो. नकाशावर हॉटेलच्या फाटकापासून वाळूवर उतरणाऱ्या पायऱ्यांपर्यंत चालण्याचा मार्ग काढा. किनाऱ्याच्या नावावर टिचकी मारली तर खूण बऱ्याचदा पुळणीच्या मधोमध असते, आणि दोन-तीन किलोमीटर लांब किनाऱ्यावर त्याने सगळा हिशोब चुकतो. नकाशा मिनिटाला साधारण ८० मीटरची चाल धरतो. तुमच्या आईसाठी ४० धरा, म्हणजे त्याने दाखवलेला वेळ दुप्पट करा.

दुसरी गोष्ट चढाची. जुनी बंदरं पुष्कळदा टेकडीच्या पायथ्याशी असतात आणि गाव वर चढत जातं. सपाट नकाशात ४०० मीटर दिसणारी वाट वीस मीटर चढत असेल, तर ते सहा मजले झाले. पायऱ्यांच्या हिशोबात सव्वाशेच्या आसपास. नकाशाचा भूरूप थर लावा, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) मोजा.

तिसरा मजला ऐकून लगेच 'लिफ्ट आहे का' असं विचारू नका, कारण उत्तर 'हो' असं येईल. जुन्या इमारतींत लिफ्ट नंतर बसवलेली असते आणि अर्धा जिना चढल्यावर सुरू होते, किंवा दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर थांबते. प्रश्न असा लिहून पाठवा: रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती, आणि गाडी दारापासून किती मीटरवर थांबते? जुन्या शहरांचा गाभा बहुतेक ठिकाणी वाहनांना बंद असतो. सामान आणि आई, दोन्ही दगडी फरसबंदीवरून न्यायचे आहेत.

मतलई

सगळे अंतर मोजताहेत, पण समुद्र एका जागी बसत नाही.

भरती-ओहोटीतला फरक चार मीटर आणि पुळणीचा उतार पन्नासास एक असेल, तर पाण्याची कड दिवसातून दोनदा दोनशे मीटर पुढे-मागे होते. म्हणजे तुमचे ५० मीटर ओहोटीला अडीचशे होतात, तेही ओल्या वाळूतून, आणि दुखऱ्या गुडघ्यांना वाळू डांबरी रस्त्याच्या दुप्पट महाग पडते. उलट, पुळण अरुंद आणि मागे भिंत असेल, तर ऐन भरतीला वाळू उरतच नाही. जाहिरातीतला फोटो कोणत्या वेळचा, हे फोटो सांगत नाही. भिंतीवर ओलसर पट्टा किंवा शेवाळं कुठवर आहे ते बघितलं की कळतं.

त्यामुळे मुक्कामाच्या तारखांचा भरती-तक्ता आधी काढा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्या, दोन ओहोट्या असतात आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी सकाळी आठला भरती असेल, तर चौथ्या दिवशी ती साडेदहाला. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे पाणी सर्वांत वर आणि सर्वांत खाली. अष्टमीच्या आसपास भांग, फरक कमी. मूल घेऊन जायचं आणि तारखा हातात असतील तर भांगाचे दिवस बघा. अर्थात हे सगळीकडे सारखं लागू नाही. भूमध्य समुद्राच्या बहुतेक किनाऱ्यांवर भरतीचा फरक अर्ध्या मीटरच्या आतच, तिथे हा परिच्छेद विसरा. खंभातचं आखात किंवा ब्रिटनमधली ब्रिस्टलची खाडी इथे तो दहा मीटरच्या वर जातो, आणि तिथे ओहोटीला 'समुद्रकाठी' बसणं म्हणजे चिखलाकाठी बसणं.

आता बंदराजवळच्या पर्यायाबद्दल. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्रावरून आत येतो, ते खारे वारे. रात्री उलट, ते मतलई. मासळी उतरवायचा धक्का हॉटेल आणि समुद्र यांच्या मध्ये असेल, तर दुपारभर वास थेट बाल्कनीत. धक्का हॉटेलच्या बाजूला, किनाऱ्यालगत दूर असेल, तर फारसा त्रास नाही. धक्का नेमका कुठे आहे ते उपग्रहचित्रात होड्यांच्या गर्दीवरून ओळखता येतं. लिलाव बहुधा पहाटे असतो, त्यामुळे ट्रकांचा आवाजही पहाटेचाच. मोठी पर्यटक-जहाजं लागणारं बंदर असेल तर बंदराचं जहाज-वेळापत्रक बघा, ते सहसा जाहीर असतं. दोन-तीन जहाजं लागलेल्या दिवशी जुन्या शहरात सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच हलायला जागा नसते. संध्याकाळी तेच शहर मोकळं. तुम्ही जुन्या शहरात राहणार नसाल, तर तिथे दुपारी चारनंतरच जा.

पुळण

सगळ्यांनी स्टेशनवाला पर्याय बाजूला टाकला, ते काही पटलं नाही. समुद्रापासून आत गेलं की खोली कोरडी मिळते. वाऱ्यातल्या मिठाचा मारा पहिल्या काही शे मीटरांत सर्वांत जास्त असतो. अगदी काठावरच्या इमारतीत वातानुकूलन यंत्राची बाहेरची पेटी, खिडक्यांचे सरकते रूळ, कुलपं, गिझरचे सांधे सगळंच लवकर गंजतं. खोलीचं नूतनीकरण पाच-सहा वर्षांत झालेलं नसेल, तर समुद्राकडची स्वस्त खोली ही आतल्या साध्या खोलीपेक्षा वाईट निघते. अभिप्रायांत 'कुबट', 'दमट', 'ओल', 'बुरशी', 'गादी ओलसर' हे शब्द शोधा, आणि ते अभिप्राय तुम्ही जाणार त्याच महिन्यातले आहेत ना ते बघा. कोरड्या महिन्यातला पाच ताऱ्यांचा अभिप्राय पावसाळी मुक्कामाला कुचकामी.

खोली कोणत्या बाजूला, हेही विचारा. 'समुद्र दिसणारी' आणि 'समुद्राच्या बाजूची' यांत फरक करतात. दुसरीसमोर झाडं किंवा शेजारची इमारत असू शकते. 'अंशतः समुद्रदर्शन' म्हणजे बहुधा बाल्कनीच्या कोपऱ्यात उभं राहून मान वळवायची. पश्चिमेकडे तोंड असलेली खोली सूर्यास्त दाखवते, पण दुपारी तीनपासून भट्टीसारखी तापते. ज्येष्ठ माणसं दुपारी खोलीतच असणार, त्यांना ती देऊ नका. पूर्वेची घेतली तर जाड पडदे आहेत का ते विचारा. उपग्रहचित्रात हॉटेल आणि पाणी यांच्या मध्ये इमारतींच्या किती रांगा आहेत आणि शेजारी बांधकामाचा खड्डा आहे का, हेही बघून घ्या. चित्राची तारीख मात्र तपासा, वर्षभरात खड्ड्याची इमारत होते.

आणि मुलाचं पोहणं. हॉटेलसमोरच्या पुळणीवर जीवरक्षक असतोच असं नाही. शहराच्या सार्वजनिक किनाऱ्यावर असण्याची शक्यता जास्त. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला पट्टा हा जीवरक्षकाच्या नजरेखालचा, तिथेच उतरावं. लाटा फुटताना मध्येच एखादा शांत, गडद पट्टा दिसला तर तो सुरक्षित वाटतो, पण बऱ्याचदा तिथूनच पाणी समुद्राकडे ओढलं जातं. नदीचं किंवा नाल्याचं मुख जवळ असेल, तर जोरदार पावसानंतर दोन-तीन दिवस पाण्यात जाऊ नये. म्हणजे 'हॉटेलसमोर समुद्र' आणि 'हॉटेलसमोर पोहणं' यांचा हिशोब वेगवेगळा.

पायवाट

सर्वांचे आभार. विचारून आलो. बंदराजवळच्या हॉटेलात रस्त्यापासून खोलीपर्यंत २२ पायऱ्या, लिफ्ट त्यानंतर. गाडी ३५० मीटरवर थांबते. तो पर्याय बाद. पुळणीवरच्या हॉटेलात लिफ्ट तळमजल्यापासून आहे, जीवरक्षक सकाळी नऊ ते सहा. ते दोन खोल्या देतात: तळमजल्यावर थेट वाळूवर उघडणाऱ्या, किंवा दुसऱ्या मजल्यावर. आईसाठी तळमजला बरा ना?

नांगर

पायऱ्यांच्या दृष्टीने बरा. पण तळमजल्यावर बाल्कनीचं दार रात्री उघडं ठेवता येत नाही, समोरून लोक जात-येत असतात, वाळू आणि डास दोन्ही आत. लिफ्ट खालपासून असेल आणि वीज गेल्यावर ती जनित्रावर चालते असं लेखी उत्तर आलं, तर दुसरा मजला. तसं उत्तर आलं नाही तर तळमजला, पण पुळणीच्या बाजूचा नको, बागेच्या बाजूचा.

न्हाणीघराचा फोटो मागवा. उंबरा किती उंच, धरायला दांडी आहे का, टबात चढून अंघोळ करावी लागते का. जाहिरातीत पलंगाचे सहा फोटो असतात आणि न्हाणीघराचा एक, तोही आरशाचा.

मतलई

तळमजल्याबद्दल एक पुरवणी. मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली, की पावसाळी गटारांची समुद्रातली तोंडं पाण्याखाली जातात, निचरा थांबतो आणि पाणी रस्त्यावर उलटं येतं. त्यामुळे तारखा पावसाळ्यातल्या असतील तर हॉटेलसमोरचा रस्ता समुद्रसपाटीपासून किती उंच, ते बघा. दोन-तीन मीटरच असेल तर तळमजला नको. वादळी हंगामही तपासा: अटलांटिकमध्ये जून ते नोव्हेंबर, बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रात मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. त्या काळात पैसे परत मिळणारं आरक्षण थोडं महाग असलं तरी तेच घ्यावं.

रद्द करण्याची मुदत हॉटेलच्या घड्याळाने मोजली जाते, तुमच्या नव्हे. परदेशात जात असाल तर 'आदल्या दिवशी रात्री बारापर्यंत' याचा अर्थ तुमच्याकडे काही तास आधी किंवा नंतरचा असू शकतो. रहिवासी कर, स्वच्छता शुल्क, पार्किंग हे ऑनलाइन दाखवलेल्या रकमेत धरलंय का तेही विचारून घ्या, नाहीतर तीन पर्यायांचं 'उन्नीस-बीस' तिथे पोचल्यावर उन्नीस-पंचवीस होतं.

खाजण

आता एवढं ठरलंच आहे तर चारही रात्री एका जागी काढायची गरज नाही. परतीची गाडी सकाळी आठच्या आधी असेल तर तीन रात्री पुळणीवर आणि शेवटची स्टेशनपाशी. चौथ्या दिवशी सकाळी पुळणीवरची खोली सोडलीत की सामान आधी स्टेशनजवळच्या हॉटेलात ठेवा, खोली दुपारी मिळाली तरी सामान बहुतेक जण ठेवून घेतात, आणि तिथूनच चारला जुन्या शहरात जा. रात्री परतायचं अंतरही निम्मं होईल. फक्त स्टेशनसमोरची खोली रुळांकडची नको, मागच्या गल्लीकडची मागा.

पायवाट

गाडी सकाळी ७:१०ची आहे. तीन अधिक एक असंच करतो. जनित्राबद्दल विचारलंय, उत्तर आलं की इथेच लिहीन.